राजवाड्यापलीकडचं जामसर

मनोरला हायवे सोडायचा, विक्रमगड मागे टाकायचं, घाट चढला की जव्हार. 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' हे त्याचं जुनं बिरुद. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी बिरुद तसंच चिकटून आहे. आपला वीकएण्डचा कार्यक्रमही ठरलेला : जयविलास राजवाडा, सनसेट पॉइंट, पावसाळा असेल तर दाभोसा धबधबा, गरमागरम भजी आणि घरी परत. या खेपेला मी याच तालुक्यातलं जामसर गाठलं. तिथे 'पॉइंट' वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जव्हारच्या राजांचा इतिहास कुणीही सांगेल. मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. मूळपुरुष जयबा. बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन त्यांनी मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून अख्खा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. (कार्थेजच्या डिडो राणीचीही हीच गोष्ट सांगतात. कातडी बरीच पुरली म्हणायची!) १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्यांच्या मुलाला 'निमशहा' किताब दिला. १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले, असं मानतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. सगळं कसं सनावळीसकट.

आणि पाडा? इथे गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. महसुली गाव एक, पण त्याचे पाडे माळांवर विखुरलेले. कुठे वारली, कुठे कोकणा, कुठे ठाकूर, कातकरी. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली घरं अजून दिसतात. ''आजी, हा पाडा किती वर्षांचा?'' मी एकींना विचारलं. ''वाघदेवाला विचार,'' त्या हसत म्हणाल्या. वाघदेव म्हणजे शिवेवरचा देव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. तारीख त्यालाही ठाऊक नसावी.

पाड्याचं वर्ष सुरू होतं राबापासून. फांद्या, पाला, शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळायचं. पाऊस पडला की त्या भाजलेल्या तुकड्यात नागली, वरई, भाताची रोपं करायची आणि मग लावणी. पाऊस धो धो पडतो, पण उतारावर पाणी थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्याच माळावर हंडे घेऊन पायपीट. दुसरं पीक निघायचं कुठून? म्हणून दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. बऱ्याचदा मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. मुलंही सोबत जातात, शाळेचा पट तेवढा गावात राहतो. आपल्या टॉवरच्या विटा कुणी थापल्या, हे फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये कधी छापतात का?

या मुलखातल्या पाड्यांची सरकारदरबारी ठळक नोंद झाली ती १९९२-९३ मध्ये. जव्हार तालुक्यातल्याच वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक मुलं दगावली. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, पेपरांचे मथळे झाले. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. जामसरला आज प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण भट्टीवर गेलेल्या बाळाचं वजन इथल्या अंगणवाडीत कसं होणार? कुपोषणाचा प्रश्न आजही संपलेला नाही आणि भट्टीचा रस्ताही बंद झालेला नाही.

राजवाडा बाराही महिने जागेवर असतो, पाड्याचं तसं नाही. पावसाळ्यात गेलात तर माणसं चिखलात लावणीला, जानेवारीत गेलात तर कित्येक दारांना कडी आणि ओट्यावर एखादी म्हातारी. पाडा भरलेला पाहायचा असेल तर शिमग्याला जा. भट्टीवरची माणसं तेव्हा चार दिवस घरी येतात. होळी पेटते, तारपा घुमतो. मग पुन्हा बोचकी बांधली जातात आणि पहाटेच टेम्पो येतो.