कुणी तपासलं का?

आपल्याकडे भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ हे तीन शब्द एका दमात रंगवलेले असतात. खाली मोबाईल नंबर आणि ‘विना ऑपरेशन हमखास इलाज’. खरं तर हे तीन वेगळे आजार. मूळव्याधीत गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकतात. लालभडक रक्त पडतं, पण बहुतेकदा दुखत नाही. फिशर म्हणजे चीर. शौचाला बसलं की जीव जातो. भगंदर म्हणजे आतून कातडीपर्यंत झालेली, पू वाहणारी वाट. पण बोलायची लाज, त्यामुळे या तिन्हींना, आणि चौथंच काही असलं तर त्यालाही, ‘मूळव्याध’ म्हणून आपण मोकळे होतो.

माझे बाबा 59 वर्षांचे. ‘उष्णता झालीय’ म्हणत त्यांनी वर्षभर ताक, इसबगोल आणि कुणीतरी दिलेलं चूर्ण घेतलं. नेहमीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, तेही टेबलापलीकडून, न तपासता. मला हे कळलं ते आईच्या फोनवरून. "अरे, हल्ली दोन जिने चढले की मध्येच बसतात." हिमोग्लोबिन 7.6 निघालं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. रात्री सर्व्हर कुरकुरला तर कुठली तक्रार ड्यूटीवरच्याने निस्तरायची आणि कुठली लगेच वर पाठवायची, हे आमच्याकडे आधीच लिहून ठेवलेलं असतं. रात्री तीन वाजता ते कुणाच्या भिडेवर सोडत नाहीत. या आजारालाही अशी यादी असते का, असं मी सर्जन मॅडमना विचारलं. असते, आणि साधी असते.

आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या. पहिलीत नुसतं रक्त. दुसरीत कुंथताना कोंब बाहेर येतो, आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथीत जातच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोंडा, भाज्या, पाणी, इसबगोल आणि कमोडवर मोबाईल घेऊन न बसणं, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर सर्जनकडे जायचं; रबर बँड लावण्यासारखे उपाय ओपीडीतच होतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीला तर जायचंच. अचानक निळसर, कडक, प्रचंड दुखणारी गाठ आली तर त्याच दिवशी, कारण ती कापून काढण्याचा खरा फायदा पहिल्या तीन दिवसांत असतो.

पायरी कुठलीही असो, काही गोष्टी दिसल्या की थांबायचं नाही: रक्त कमी होणं, वजन उतरणं, शौचाची सवय बदलणं, काळं किंवा शौचात मिसळलेलं रक्त, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. आणि पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं तर ते मूळव्याधीचंच, असं धरून चालायचं नाही.

म्हणून बाबांची आधी कोलोनोस्कोपी झाली. मॅडम म्हणाल्या, "मूळव्याध आहे हे मला दिसतंय. पण मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरं काही होत नाही, असं थोडंच आहे?" आदल्या संध्याकाळी ते जुलाबाचं औषध पाण्यात ढवळत बसले होते. ग्लास संपेपर्यंत आम्ही तिघंही एक शब्द बोललो नाही. त्या शांततेत कॅन्सर हा शब्द होता, आणि तो कुणी उच्चारत नव्हतं.

आतडं स्वच्छ निघालं. मूळव्याध तिसऱ्या पायरीची. ऑपरेशन झालं, पहिले दहा दिवस वाईट गेले, टबात कोमट पाण्यात बसून काढले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12 च्या वर.

परवा त्यांचे एक मित्र घरी आले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही जरा उष्णतेचा त्रास आहे." एरवी बाबांनी चूर्णाचं नाव सांगितलं असतं. या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी तपासलं का?" मित्र इकडेतिकडे बघायला लागले. बाबांनी सर्जन मॅडमचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या खिशात घातला.