अ‍ॅस्टरचे दिवस मोजताना

आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं लागतात. एकावर हिजरी महिने, दुसऱ्यावर पंचांगातल्या तिथी. पहिलं अम्मीचं. दुसरं अब्बांचं, कारण अब्बा अ‍ॅस्टर पिकवतात.

अ‍ॅस्टरचा हिशेब उलटा करावा लागतो. बी वाफ्यावर टाकल्यापासून रोप लावणीला यायला साधारण महिना जातो. लावल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी फुलं. म्हणजे गणपतीला फूल हवं तर तीन-साडेतीन महिने मागं जायचं. पण गणपती तरी एका तारखेला कुठं येतो? 2022 मध्ये 31 ऑगस्टला आला, 2023 मध्ये अधिक श्रावणामुळं थेट 19 सप्टेंबरला. आदल्या वर्षीच्या तारखेवर बी टाकलं असतं, तर ऐन सणाला प्लॉट ओसरलेला असता. आणि उशीर झाला तर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात फुलांना विचारतं कोण? म्हणून नवीन कॅलेंडर आलं की अब्बा आधी अधिक महिना शोधतात.

रमझानचं तसं नाही. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. त्यामुळं रोजे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतात आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. 2015-16 च्या सुमारास रमझान जूनमध्ये होता. ऐन लावणीचे दिवस. सहेरी करून, फजर पढून अब्बा आणि अम्मी शेतात जायचे, ऊन चढायच्या आत दोन-तीन वाफे लावून यायचे, उरलेले असरनंतर. शेजारच्या काकू म्हणायच्या, "भाभी, तुम्ही सावलीत बसा, आम्ही लावतो." अम्मी बसायची नाही, पण ते शब्द तिला अजून आठवतात.

तोडणीला घाई चालत नाही. बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या की दांडी कापायची. कळी कापली तर बादलीत ती नीट उमलत नाही. काम सकाळच्या गारव्यात. खालची पानं काढायची, कारण पाण्यात बुडालेलं पान सडतं आणि फुलाचं आयुष्य कमी होतं. मग जुड्या बांधून, कागदात गुंडाळून पुण्याच्या मार्केट यार्डात. त्याच जमिनीत पुन्हा लगेच अ‍ॅस्टर लावायचा नाही. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते.

आमच्याकडं असतो तो वाण 'फुले गणेश'. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात तयार झालेला. एका पाहुण्यांनी हसून विचारलं, "भाईजान, वाण गणेश, गिऱ्हाईक गणपतीचं, कॅलेंडरही त्यांचंच. तुमचं काय?" अब्बा म्हणाले, "मेहनत आमची. आणि फुलाला सण कळत नाही, दिवस कळतात."

2023 मध्ये दोन्ही कॅलेंडरं एका चौकोनात आली. 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि त्याच दिवशी ईद-ए-मिलाद. मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस एक दिवस पुढं नेला. वर्तमानपत्रांनी त्याला सलोखा म्हटलं, आणि तो होताच. आमच्या शेतात त्याचा अर्थ आणखी साधा होता. विसर्जनाच्या हारांसाठी एका सकाळी तोडणी झाली आणि जुलूसच्या सजावटीसाठी दुसऱ्या सकाळी. रोपं तीच, तोडणाऱ्या बायका त्याच. विसर्जनानंतर रिकामा जाणारा दिवस त्या वर्षी रिकामा गेला नाही.

दोन चंद्रांचे हे हिशेब अवघड आहेत असं मला लहानपणी वाटायचं. आता मीच ते करतो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, गणपती 14 सप्टेंबरला. बी मेअखेरीस टाकायचं, तेही ताजं. अ‍ॅस्टरच्या बियाण्याची उगवण लवकर कमी होते, त्यामुळं जुन्या पुडीवर सण निभत नाही.