मोटारसायकलीवाचून मोटारसायकलचा प्रकल्प

आठवीतल्या माझ्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी ‘मोटारसायकल’ हा विषय निवडला आणि तिच्याआधी मीच कामाला लागलो. फोर-स्ट्रोक इंजिनाचे थर्माकोलचे प्रतिरूप, रंगीत तक्ते, फिरता दट्ट्या. एका रात्रीत आराखडा तयार झाला. सकाळी तो पाहून तिने विचारले, “पण बाबा, यात आपण शोधून काय काढणार?”

तिच्या मनात वेगळाच प्रश्न होता. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर आमची गाडी घसरली होती. दोघांचेही खरचटण्यावर निभावले. “तू तर ब्रेक दाबला होतास. मग गाडी थांबायची सोडून घसरली का?” २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा सुमारे ४४.५ टक्के होता, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. तिचा प्रश्न केवळ आमच्या घरचा नव्हता.

मुलीच्या हाती गाडी देणे शक्यच नव्हते. मग पंक्चरवाल्याकडून जुन्या टायरचा तुकडा आणला, लाकडी ठोकळ्याच्या तळाला चिकटवला, आणि तो फरशीच्या तुकड्यावर ठेवून फरशीचे एक टोक हळूहळू उचलत गेलो. ठोकळा निसटतो त्या क्षणी टोकाची उंची भागिले खालचा पाया, हाच स्थितिक घर्षणाचा गुणांक. त्रिकोणमिती अजून शिकायची असली तरी भागाकार येतो, तेवढे पुरे. कोरड्या फरशीवर उत्तर ०.७च्या आसपास आले. ओल्या फरशीवर ते बरेच उतरले, आणि बारीक वाळू भुरभुरल्यावर त्याहूनही खाली गेले. ठोकळ्यावर वजन ठेवले की तो लवकर घसरेल, असा तिचा अंदाज होता. उत्तर जवळजवळ तेच राहिले. चुकलेला अंदाज वहीतून खोडावा, असे मी सुचवले. तिने खोडला नाही, आणि तिचेच बरोबर होते.

खरी गंमत पुढे होती. फरशी थोडी खाली घेऊन ठोकळ्याला बोटाने हलकेच टिचकी मारली, तर आधी ज्या चढावर तो स्थिर राहत होता, तिथेही तो घसरतच राहिला. गतिक घर्षण स्थितिक घर्षणाहून कमी असते, हे वाक्य मी शाळेत पाठ केले होते. पाहिले मात्र आत्ता. फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो. ब्रेकने चाक जाम झाले की तोच भाग फरफटू लागतो, पकड घटते, आणि हँडल वळवूनही गाडी वळत नाही. एबीएस चाकाच्या वेगावर नजर ठेवून सेकंदात अनेकदा ब्रेक सैलावते व पुन्हा आवळते, ते यासाठीच.

१ एप्रिल २०१९पासून देशात १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्या नियमात त्याखालच्या गाड्यांना सीबीएस चालत होते. त्यात एका दाबाने दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक जाम होणे टळत नाही.

“आपल्या गाडीला यातले काय आहे?”

आमची ११० सीसीची गाडी २०१७ची. दोन्हींपैकी काहीच नाही.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत तिने तेही लिहिले. या वेळी मी खोडायला सांगितले नाही.