बुद्धीची फी

डोळे तपासायला पैसे मोजले तर कुणी काही विचारीत नाही. पण मुलाची मानसशास्त्रीय चाचणी पदरचे 6,000 रुपये भरून करून घेतली, असे मी सांगताच शाळेतले एक सहकारी हसून म्हणाले, "अहो मास्तर, तेवढ्यात शिकवणी लावायची!"

मला गंमत वाटली ती निराळीच. बुद्धिमापनाची पहिली कसोटी पैसेवाल्यांसाठी जन्मलीच नव्हती. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती रचली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी. कुणाला वेगळ्या रीतीने शिकवायला हवे, ते नीट ओळखता यावे, एवढाच हेतू. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांच्या बेताची करून दिली. 2016च्या कायद्याने तर अध्ययन-अक्षमतेला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. कायदा झाला, तरी रुग्णालयातली रांग लांब आणि परीक्षा जवळ असली, की बापाचा हात खिशाकडेच जातो.

त्या पैशांत आम्हांला काय मिळाले? चार पानांचा अहवाल. बुद्धी उत्तम, अडखळते ते केवळ वाचन-लेखन. मी तो समजावून सांगितला, तेव्हा चिरंजीवांनी हळूच विचारले, "म्हणजे बाबा, मी आळशी नाही ना?"

माझ्या वर्गात पन्नास मुले आहेत. ज्यांच्या बापाजवळ 6,000 रुपये नाहीत, त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारावा?