सैल झालेला कायदा

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी फौजदारी प्रक्रिया आणि तौलनिक घटनाकायदा शिकवते. पोलिसांनी कुणाला कधी अडवावं, झडती कधी घ्यावी, बळ किती आणि कुठवर वापरावं, हा त्यातला माझा खास विषय. तो शिकवायचा तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे टाळून चालत नाही. ते ओळीने वाचत गेलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. पोलिसांच्या अधिकारांची हद्द ठरवणाऱ्या अनेक मोठ्या खटल्यांत मार खाल्लेला किंवा गोळी लागलेला माणूस कृष्णवर्णीय आहे. त्याच्या खटल्यातून निघालेला नियम मात्र त्या देशातल्या प्रत्येकाला लागू झाला आहे. कधी त्या नियमाने सर्वांचं रक्षण केलं, कधी सर्वांना उघड्यावर टाकलं. म्हणून ‘हा काळ्या लोकांचा प्रश्न, इतरांनी त्यात का पडावं?’ असं कुणी विचारलं, तर मी आधी हे निवाडे समोर ठेवते.

आधी रक्षणाची बाजू. मार्च १९३४ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या केम्पर परगण्यात एका गोऱ्या शेतमालकाचा खून झाला. संशयावरून तीन कृष्णवर्णीय कुळांना धरलं. त्यांतल्या एकाला जमावाने, डेप्युटी शेरीफच्या सहभागाने, गळ्यात दोर अडकवून झाडाला टांगलं, खाली उतरवलं, पुन्हा टांगलं, मग झाडाला बांधून फटके मारले. बाकी दोघांना तुरुंगात खुर्च्यांवर पालथं घालून, बक्कल असलेल्या कातडी पट्ट्याने पाठ फुटेस्तोवर मारलं आणि जबाब हवा तसा जुळेपर्यंत मारत राहिले. खुनानंतर आठवड्याभरात तिघांनाही फाशीची शिक्षा झाली. खटला चालू असताना पहिल्याच्या गळ्यावरचा दोराचा वळ कोर्टात सगळ्यांना दिसत होता, आणि मारहाण केल्याचं डेप्युटीने साक्षीत नाकारलंही नाही. ते कबुलीजबाब वगळले तर शिक्षा टिकेल असा पुरावाच नव्हता. तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. १९३६ मध्ये ‘ब्राऊन विरुद्ध मिसिसिपी’ या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. छळ करून घेतलेला जबाब राज्यांच्या न्यायालयांतही पुरावा म्हणून चालणार नाही, हे तेव्हा ठरलं. आज अमेरिकेत चौकशीसाठी बसवलेला माणूस न्यूयॉर्कचा बँकवाला असो की टेक्सासचा गोरा ट्रकचालक, त्याच्या मागे उभं असलेलं संरक्षण या तीन कुळांनी सोसलेल्या मारातून आलं आहे.

दुसरा खटला टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. ऑक्टोबर १९७४ मध्ये घरफोडीची खबर मिळाली म्हणून पोलीस पोचले. परसातून पळालेला एक कृष्णवर्णीय मुलगा सहा फुटी कुंपणापाशी अडला. विजेरीच्या उजेडात पोलिसाला त्याचा चेहरा आणि हात दिसले, हत्यार दिसलं नाही. मुलगा कुंपणावर चढू लागताच पोलिसाने गोळी झाडली. ती मागून डोक्यात लागली. मुलाचं वय पंधरा. त्याच्यापाशी एक पर्स आणि दहा डॉलर सापडले. टेनेसीच्या कायद्यात पळणाऱ्या संशयितावर अशी गोळी झाडायला मुभा होती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. समोरच्या माणसापासून कुणाच्या जिवाला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण नसेल, तर केवळ पळतो म्हणून त्याला ठार करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. यात गोळी झाडणारा पोलीसही कृष्णवर्णीय होता, हे मी वर्गात आवर्जून सांगते. प्रश्न एखाद्या पोलिसाच्या मनातल्या द्वेषापुरता असता तर तो माणूस बदलून सुटला असता. इथे कायद्यानेच मुभा दिली होती, आणि अशी मुभा कुणाच्याही हाती पडली तरी माणूस मरतोच.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात मधुमेह असलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाची रक्तातली साखर उतरू लागली. संत्र्याचा रस घ्यायला तो मित्राच्या गाडीतून दुकानापाशी आला, धावत आत गेला. आत लांब रांग पाहून तसाच धावत बाहेर आला आणि दुसरीकडे चल म्हणाला. हे पाहणाऱ्या पोलिसाला संशय आला. त्याने गाडी थांबवली. मित्र सांगत होता, याला साखरेचा त्रास होतोय. तोवर आणखी पोलीस आले. बेड्या घातल्या. हा नुसता प्यायलेला आहे, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. त्या मधुमेही माणसाने खिशातलं मधुमेहाचं कार्ड बघा म्हणून विनवलं, तर गप्प बस म्हणाले आणि तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबलं. एका ओळखीच्याने संत्र्याचा रस आणला, तो पोलिसांनी घेऊ दिला नाही. दुकानात काहीच घडलं नव्हतं असं कळल्यावर त्याला घरी नेऊन सोडलं. तोपर्यंत त्याचं पाऊल मोडलं होतं, मनगटं कापली होती, कपाळाला मार आणि खांद्याला दुखापत झाली होती.

‘ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर’ हा तो खटला. १९८९ मध्ये त्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली: पोलिसाने वापरलेलं बळ वाजवी होतं का, हे त्या क्षणी तिथे असलेल्या वाजवी पोलिसाच्या नजरेतून ठरवायचं, मागाहून मिळालेल्या शहाणपणातून नाही. ऐकायला हे रास्त वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. पोलिसाला निमिषात निर्णय घ्यावा लागतो, शिवाय अमेरिकेत अनेक घरांत बंदुका आहेत. पण या कसोटीने पोलिसाला वाटलेली भीती मोजमापाच्या केंद्रस्थानी आणून ठेवली. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या काळ्या माणसाला पाहून घाबरायला शिकवलं, तिथे त्याच्याविषयीची भीती ‘वाजवी’ वाटणं सोपं होतं. पुढे हीच भाषा पोलिसांच्या प्रशिक्षणात आणि अनेक राज्यांच्या फौजदारी खटल्यांतही शिरली. रस्त्यावर नेमकं काय घडलं यापेक्षा पोलिसाला काय वाटलं असेल याला वजन आलं. फेरसुनावणीत त्या मधुमेही माणसालाही न्याय मिळाला नाही.

ही सूट काळ्या माणसापाशी थांबली का? २०१६ च्या ऑगस्टमध्ये डॅलस शहरात एका गोऱ्या माणसाने स्वतःच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. आपल्याला मानसिक आजार आहे, औषध घेतलेलं नाही, भीती वाटतेय, मदत हवी, असं त्याने सांगितलं. पोलीस येण्याआधीच खासगी सुरक्षारक्षकांनी त्याच्या हातात बेड्या घातल्या होत्या. तरी पोलिसांनी त्याला पालथं पाडून सुमारे चौदा मिनिटं पाठीवर भार देऊन दाबून ठेवलं. तुम्ही मला मारून टाकाल, असं तो ओरडत होता. तो निपचित पडल्यावर, शाळेला जायची वेळ झाली, ऊठ, अशी त्याची थट्टा केली. तो मेला. जॉर्ज फ्लॉइडला मिनियापोलिसमध्ये गुडघ्याखाली दाबून मारलं ते त्यानंतर, २५ मे २०२० रोजी. फ्लॉइडच्या वेळी रस्त्यावर एक सतरा वर्षांची मुलगी फोनवर चित्रण करत उभी होती, म्हणून जगाने ते पाहिलं. डॅलसचं चित्रण बाहेर यायला तीन वर्षं आणि कोर्टकचेऱ्या लागल्या.

डॅलसच्या त्या माणसाच्या कुटुंबाने भरपाईचा दावा केला तेव्हा आड आलेला नियमही जुन्या वर्णद्वेषी खटल्यातूनच वाढलेला होता. १८७१ मध्ये, गुलामीतून नुकत्याच मुक्त झालेल्यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या हिंसेपासून वाचवण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने कायदा केला. सरकारी अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क तुडवला तर त्याच्यावर दावा लावता येतो, तो या कायद्याने. १९६१ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात गोऱ्या आणि काळ्या अशा पंधरा ख्रिस्ती धर्मगुरूंचा एक गट बसस्थानकावरच्या उपाहारगृहात जाऊ लागला, म्हणून त्यांना अटक झाली. त्यांनी या कायद्याखाली दावा केला. १९६७ मध्ये न्यायालय म्हणालं की सद्‌भावनेने अटक केली असेल तर तो पोलिसाचा बचाव ठरू शकतो. त्या निर्णयाचा पुढे विस्तार झाला, आणि १९८२ नंतर तर तुडवला गेलेला हक्क आधीच ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ झालेला होता हे पीडितालाच दाखवावं लागतं. जवळपास तशीच घटना घडून तसाच निकाल लागलेला नसेल तर दावा अनेकदा उंबरठ्यावरच अडतो. डॅलसचा दावाही आधी फेटाळला गेला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि ज्यूरीने भरपाई दिली, तोवर २०२३ साल उजाडलं होतं. काळ्या माणसाच्या बचावासाठी केलेला कायदा पातळ झाला, आणि त्याची झळ गोऱ्या घरालाही बसली.

आकडे हेच सांगतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ ते २०२४ या काळात ठेवलेल्या नोंदींनुसार अमेरिकेत दर वर्षी साधारण हजार माणसं पोलिसांच्या गोळीने मेली. संख्येने त्यांत गोरे सर्वांत जास्त. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक. एक जण पहिला आकडा सांगून ‘बघा, वर्णाचा संबंध नाही’ म्हणतो, दुसरा फक्त दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवतो. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते एकत्रच वाचावे लागतात. अन्यायाचा मोठा वाटा ठरावीक लोकांच्या माथी आहे, म्हणून बाकीचे तो चालवून घेतात. आणि चालवून घेतलेला अन्याय चहूकडे पसरतो. काळ सोकावतो म्हणतात ते हेच. इथे म्हातारी मेल्याचं दुःखही तेवढंच खरं आहे.

भारतीयांपर्यंत हा अन्याय कसा पोचतो, हे फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावाने दाखवलं. गुजरातेतून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ फिरत होते. कुणा शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं की एक सडपातळ काळा माणूस वस्तीत हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’ एवढं त्यांनी सांगितलं. पोलिसाने हात मागे धरून त्यांना तोंडघशी जमिनीवर आपटलं. मणक्याला इजा होऊन शरीर अंशतः लुळं पडलं. पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. फोन करणाऱ्याला ते काळे दिसले, तेवढं पुरलं. आपण शिकलेले, कायदा पाळणारे, त्यांच्यातले नव्हे, ही आपल्या अनेक स्थलांतरितांची समजूत त्या पदपथावर कामाची नव्हती.

आपले लोक अमेरिकेत आहेत, तेही काळ्या लोकांच्या लढ्यामुळेच. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. वंशावर बेतलेली ती पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडली, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या भरात झाला. पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर. ज्यांनी अलाबामात, मिसिसिपीत पोलिसांच्या लाठ्या आणि कुत्रे अंगावर घेतले, त्यांनी तो दरवाजा उघडायला लावला. हे ऋण मान्य करायला तिथल्या मराठी मंडळींनी संकोचू नये.

तरीही, उद्या आपल्यावर वेळ येईल म्हणूनच आज बोलावं, असं माझं म्हणणं नाही. तेवढाच हिशेब धरला तर सुरक्षित वस्तीत राहणारा माणूस गप्प बसायला मोकळा होतो. मेम्फिसच्या त्या मुलाचा जीव हेच बोलण्याचं पुरेसं कारण होतं. कायद्याची शिक्षक म्हणून मी त्यात भर घालते ती एवढीच, की राज्यसत्तेच्या हातातली काठी कुणावरही चालो, ती सगळ्यांच्या नावाने चाललेली असते. फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिसने २०२१ मध्ये २.७ कोटी डॉलर दिले, तो पैसा शहराचा होता, म्हणजे सर्व वर्णांच्या नागरिकांचा. जबाबदारीही तशीच सर्वांची.

ती पार पाडण्याचे मार्ग तिथे उघडे आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरकारी वकिलांचा प्रमुख आणि शेरीफ मतदानाने निवडला जातो. पोलीस खात्याचं अंदाजपत्रक नगर परिषद मंजूर करते. ज्यूरीत सामान्य नागरिक बसतात. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून प्राणघातक बळासाठी ‘वाजवी’ऐवजी ‘आवश्यक’ ही कडक कसोटी आणली. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर महिनाभरात कोलोरॅडोने राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यांत ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ हक्काचा पोलिसांचा तो जुना बचाव काढून टाकला. हे बदल रस्त्यावर उतरलेल्या काळ्या, गोऱ्या, आशियाई अशा सगळ्यांनी मिळून घडवले, आणि त्यांचा लाभ घेताना कुणालाही वर्ण विचारला जाणार नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते: ज्यूरीचं बोलावणं आलं तर टाळू नका, आणि शेरीफच्या निवडणुकीत मत देण्याआधी उमेदवाराला विचारा की बळाच्या वापराची चौकशी त्याच्या खात्यात कोण करतं आणि तिचा अहवाल लोकांसमोर येतो का.