रसीनचं वाण

शिकागोहून मिलवॉकीला आपण मंडळी वर्षातून दोनदा तरी जातो, पण वाटेत आठ-दहा मैल पूर्वेला वळून सरोवराकाठच्या रसीनला कोणी मुद्दाम जात नाही. खरं तर या गावाशी आपली जुनी ओळख आहे. लहानपणी परीक्षेच्या दिवसांत आपल्याला जे हॉर्लिक्स पाजलं जायचं, त्या हॉर्लिक बंधूंचा कारखाना इथे होता. त्यांना पेटंट मिळालं १८८३ साली. फ्रँक लॉइड राइटने बांधलेलं जॉन्सन वॅक्सचं मुख्यालयही इथलंच. छत्रीसारख्या उलगडत जाणाऱ्या त्याच्या खांबांवर सरकारी तपासनिसांचा विश्वास बसेना, म्हणून १९३७ मध्ये एका नमुन्याच्या खांबावर वजन चढवून दाखवलं. हवं होतं १२ टन, खांबाने पेललं ६० टन! इंजिनिअर मंडळींनी एवढ्यासाठी तरी एक फेरी मारावी. आणि 'क्रिंगल' ही डॅनिश पेस्ट्री खाल्ल्याशिवाय परतू नये.

मी मात्र गेले होते वेगळ्याच कामासाठी. मेन स्ट्रीटवर रसीन आर्ट म्युझियम आहे. जुन्या इमारतीला बाहेरून अर्धपारदर्शक ॲक्रिलिकची तावदानं लावली आहेत, रात्री ती आतल्या दिव्यांनी उजळतात. म्हणजे प्लास्टिकची शाल पांघरलेलं म्युझियम म्हणा ना! या म्युझियमने हस्तकलेला चित्र-शिल्पाच्या बरोबरीचा मान दिला आणि त्यात पॉलिमर क्लेलाही जागा दिली. २०११ मध्ये इथे 'टेरा नोव्हा' नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. एलिस विंटर्स या कलावतीने पुढाकार घेऊन आपल्या पिढीचं काम इथे जमवलं होतं. सगळा संग्रह एकाच वेळी मांडलेला नसतो, तेव्हा जाण्याआधी फोन करावा हे बरं.

बरोबर सासूबाई होत्या. त्या पेणच्या. गणपतीच्या कारखान्यांच्या गावात आयुष्य गेलेलं, त्यामुळे 'क्ले' म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसून घेतला. पण ही माती नव्हेच. पीव्हीसीची अगदी बारीक पूड आणि ती मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, त्यात रंग. भिजवलेला साबुदाणा जसा फुगून एकमेकांना धरतो, तसे हे कण उष्णता लागल्यावर प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकजीव होतात. पाणी मुळातच नाही, म्हणून वाळून तडकणं नाही, आकसणंही जवळजवळ नाही. घरच्या ओव्हनमध्ये २७५ अंश फॅरनहाइटला अर्धा तास ठेवलं की काम झालं. (जास्त तापवलं तर मात्र जळतं आणि आम्लारी धूर येतो. शिवाय या कामाची लाटणी-सुरी पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही.)

माझं अर्धं आयुष्य ट्रान्सफॉर्मरांत गेलं, त्यामुळे या क्लेच्या अमेरिकन जन्माची कथा मला विशेष आवडते. १९६० च्या दशकात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर काढण्यासाठी एक लगदा तयार केला होता. त्या कामाला तो उपयोगी पडला नाही, बाजूला पडून राहिला. कोणीतरी त्याची बाहुली वळली, भाजून पाहिली, ती छान टणक झाली. तेच 'स्कल्पी'. ते बनवणारी पॉलिफॉर्म कंपनी एल्क ग्रोव्ह व्हिलेजमध्ये आहे, म्हणजे ओहेअरच्या कुशीत. आईवडिलांना आणायला विमानतळावर जाताना आपण सगळे तिच्या आसपासून किती वेळा गेलो असू! जर्मनीतलं 'फिमो' त्याच्याही आधीचं. बाहुल्या बनवणाऱ्या केथे क्रूझे यांच्या मुलीने, फिफीने, घरी वापरलेल्या मिश्रणातून ते आलं.

म्युझियममध्ये सिंथिया टूप्सचं काम पाहताना सासूबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. क्लेचे दोऱ्यासारखे धागे काढून, त्यांचे इवले तुकडे एकेक करून बसवलेलं चित्र. "हे हातानं?" एवढंच त्या म्हणाल्या. पीअर वोल्कसचे हार पाहिले. तिचे वडील पीटर वोल्कस म्हणजे अमेरिकन सिरॅमिक्समधलं फार मोठं नाव. बापाने भट्टीतली माती गाजवली आणि मुलीने प्लास्टिक हाती घेतलं, याची मला गंमत वाटली.

या कलेचा कणा म्हणजे 'केन'. रंगीत पट्ट्या आणि वळ्या अशा रचायच्या की लांबट दांड्याच्या टोकाला फूल दिसेल, मग दांडा दाबून-ओढून बारीक करायचा. चित्र लहान होतं पण मोडत नाही, कुठेही कापा, तेच फूल. व्हेनिसचे काच-कारागीर हे शतकानुशतकं करत आले. मी हे सगळं समजावत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर अळूवडी!" यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

दुसरी युक्ती ज्युडिथ स्किनरची. दोन रंगांचे काटकोन त्रिकोण जोडून आयत करायचा, घडी घालून पास्ता मशिनमधून काढायचा, पुन्हा त्याच दिशेने घडी, असं वीस-पंचवीस वेळा. डाव्या कडेला पिवळा, उजव्या कडेला लाल आणि मधे नारिंगीच्या सगळ्या छटा आपोआप! कारण साधं आहे. घडीची दिशा बदलली नाही, तर प्रत्येक उभ्या रेषेत त्रिकोणांमुळे दोन रंगांचं जे प्रमाण आलं तेवढंच तिथे मिसळतं. कॉलेजात असं काही दाखवलं असतं तर गणिताला जरा बरे मार्क पडले असते!

ही युक्ती तिने सर्वांना मोकळेपणाने सांगितली. आज जगभर ती 'स्किनर ब्लेंड' म्हणूनच ओळखली जाते. शिकवणारी नाव घेते, शिकणारी पुढे सांगताना नाव घेते. मला वाटतं, या माध्यमाला ना घराणं होतं ना गुरू. १९९१ मध्ये नॅन रोशचं 'द न्यू क्ले' आलं तेव्हा या विषयावर मोठ्या माणसांसाठी फारसं काही छापलेलंच नव्हतं. एकमेकींना सांगितलं नसतं तर कोणीच पुढे गेलं नसतं. आपल्याकडे चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारलं की "अंदाजानंच घालते गं" असं उत्तर मिळतं, ते आठवलं.

पुढच्या महिन्यात लायब्ररीच्या खोलीत जमणाऱ्या एका गटाकडे आम्ही दोघी गेलो. त्या दिवशी 'स्वॅप' होता. बारा जणी असतील तर प्रत्येकीने बारा नग करून आणायचे आणि प्रत्येकीचा एकेक घेऊन घरी जायचं. सासूबाईंना भाषांतर लागलं नाही. "हे तर संक्रांतीचं वाण लुटणं." मग त्या टेबलाशी बसल्या आणि दातकोरणीने बोटभर लांबीच्या वळीवर करंजीची मुरड घालून दाखवली. सगळ्या बाया भोवती जमल्या. एकीने वहीत आकृती काढून घेतली आणि खाली सासूबाईंचं नाव विचारून लिहिलं. इथे आल्यापासून 'सो-अँड-सोची मदर-इन-लॉ' एवढीच त्यांची ओळख होती.

यावरून आपल्या मंडळात जो वाद झाला तो बहुतेकांना माहीत आहे. मुलांच्या गणपती कार्यशाळेत यंदा पॉलिमर क्ले वापरावी, रंग सुंदर येतात, मोडत नाही, असं मीच सुचवलं होतं. पालकांनी रसायनांचं विचारलं, ते रास्तच. २००८ च्या कायद्याने अमेरिकेत मुलांच्या वस्तूंतल्या काही थॅलेटांवर बंदी आली, पण पाकीट वाचूनच घ्यावं. सासूबाईंची हरकत निराळी होती. "विरघळत नाही ना? मग त्याला जा कसं म्हणणार?" पेणला शाडू की पीओपी हा वाद त्यांनी इतकी वर्षं जवळून ऐकलाय. मी म्हटलं, मूर्ती दरवर्षी तीच ठेवता येईल. त्या म्हणाल्या, "तीच ठेवायची असेल तर पितळेची आहेच की देव्हाऱ्यात." शेवटी ठरलं ते असं: मूर्ती शाडूची, मुलांनी घडवलेली, क्लेची फुलं, दूर्वा, उंदीरमामा आणि मखराची नक्षी. ती खोक्यात भरून पुढच्या वर्षीसाठी. डोळ्यांची आखणी कशी करायची हे दर शनिवारी सासूबाई दाखवणार आहेत, मोठ्यांनाही.

एप्रिलमध्ये त्या परत जातील. सामानात एक न भाजलेली केन आहे, लाल जास्वंदीची, गटातल्या बायकांनी दिलेली. आळीतल्या प्रत्येक घरी एकेक चकती द्यायचा त्यांचा बेत आहे. पेणच्या मे महिन्यात ही क्ले बाहेर राहिली तर ओव्हनशिवायच घट्ट व्हायला लागेल, म्हणून माठाशेजारी ठेवा असं मी दोनदा बजावलंय.