विहिरीवरची शिंदी

अलिबागजवळच्या किहीमला आमच्या आजीच्या वाडीत एक विहीर आहे. तिच्यावर वाकलेल्या शिंदीच्या झावळ्यांना पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबतात. गळून पडलेला खोपा आजी माझ्या ओंजळीत ठेवायची आणि म्हणायची, "बघ बाळा, बाईमाणूस घर कसं करतं ते." त्या झाडाखालून मी वर्षानुवर्षं ये-जा केली. खोप्यांकडे मान वर केली की मला आजीचं वाक्यच दिसायचं. काही खोपे अर्धेच असायचे. ते वाऱ्याने मोडले असतील, असं मी धरून चालले होते.

याच किहीममध्ये १९३० साली सलीम अली येऊन राहिले. बर्लिनला पक्षिशास्त्र शिकून परतले, तर मुंबईतली नोकरी गेलेली. पत्नी तहमीना यांच्यासह ते इथल्या घरात आले आणि जवळच्याच सुगरणींच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून राहिले. विणणारा नर असतो हे ठाऊक होतं, पण अलींना पुढचा सगळा संसार उलगडला. पिवळ्या टोपीचा नर भाताच्या पातीला बुडाशी चोचीने खाच पाडतो, कड धरून वर उडतो, की लांब धागा सुटतो. खोपा अर्धा झाला की तो थांबतो. माद्या येतात, आत शिरून ओढून-ताणून पाहतात. एखादीला पसंत पडला, तरच नळीसारखं दार विणून तो पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारीच नवा खोपा मांडतो, दुसरीसाठी. नाकारलेले खोपे तसेच लोंबत राहतात. १९३१ साली हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

म्हणजे माझे ते 'मोडलेले' खोपे बहुधा मोडलेले नव्हतेच.

गेल्या श्रावणात मी पहिल्यांदाच विहिरीच्या काठावर बूड टेकून बसले. सर येऊन गेली होती. एक मादी अर्ध्या खोप्यात शिरली, दोन झटके दिले आणि उडून गेली. नर पंख फडफडवत तिथेच लटकून राहिला, मग खाचराकडे गेला आणि हिरवी पात घेऊन परतला. एवढंच पाहायला मला चाळीस वर्षं लागली. आजीचं सगळंच चुकलं होतं असंही नाही, कारण अंडी मादी एकटीच उबवते. पण आजीचा खोपा आणि हा खोपा, दोन्ही आता मला एकदम दिसतात, आणि झाड पूर्वीपेक्षा भरलेलं वाटतं.

अलिबागकडे वाड्या विकल्या जाताहेत, बंगले उठताहेत. तुम्ही तिथे जागा घेतलीत आणि विहिरीवर अशी वाकडी शिंदी निघाली, तर एक पावसाळा तिच्याखाली बसा. तोवर तिला कोयता लावू नका.